अर्धा सूत

गाडी टेम्पोत चढून आली,
पुढची चाकं एकमेकींवर रुसलेली.
म्हमाणे वकिलांनी ती बार्शीच्या जिनिंगवाल्याकडून उचलली,
कागद चौसष्ट सालचे, माल विलायतेचा,
रंग एकेकाळी हिरवा.
"चालते की," म्हणाले, "फक्त डावीकडं ओढते."

जॅकवर घेतली.
चाक बारावर आणि सहावर धरून हलवलं.
टक्.
हा आवाज मी मनगटात ऐकतो.
कान कधीच मागाखात्यात ठेवून आलोय,
तिसऱ्या पाळीत, छत्तीस मागांमध्ये.

दस्तगीर खाली आडवा झाला, बॅटरी तोंडात.
ग्रीसची निपलं तीन. तिन्हीवर रंग.
कुणी बे हे?
गाडी तीनदा नटवली
आणि एकदाही पाजली नाही.

स्प्रिंगपाशी मात्र चेष्टा नाही.
दोन बोल्ट काढून तिथं लांब आट्याचे घातले,
खाली जॅक, आणि दस्तगीरचा एकच जप:
"हल्लू चाचा, हल्लू."
मागं एकदा एक सुटली होती.
पत्र्याला भोक पाडून गेली, सापडली नाही.
त्या भोकातून रुपयाएवढं ऊन येतं,
फरशीवरून सरकत व्हाइसपाशी पोचलं
की आम्ही डबा उघडतो.

रबरी बुश कडक भाकरीसारखे मोडले.
किंगपिन एकाच अंगानं खाल्लेली,
जशी चप्पल झिजते, माणसाच्या चालीनं.
किती वर्षं ही बाई
एका पायावर भार देत उभी होती
आणि वरून लोक हॉर्नचं कौतुक करत होते.

पिन मिळाली पुण्याला. पितळी बुश नाहीत.
दोन महिने लागतील, दुकानवाला म्हणाला.
अशोक चौकामागं नरसय्या येमूल लेथ चालवतात,
त्यांनी पिन नखानं तपासली
आणि बाकाखालून एक गनमेटलचा तुकडा काढला,
गिरणी बंद झाली त्या दिवशी
जेवणाच्या डब्यातून गेटबाहेर आणलेला.
चोरी म्हणा.
त्यांचा हिशेब गिरणीकडं अजून बाकी आहे,
तो जड आहे की हा तुकडा,
कुणी काट्यावर घालून बघितलेलं नाही.

पिवळे छिलके उडत राहिले.
मग रीमर. हातानं, पाव पाव फेरा.
"मेल्लगा," ते स्वतःलाच सांगत होते, "मेल्लगा."
पिन आपल्या वजनानं उतरली पाहिजे,
पडता कामा नये.
चौथ्या खेपेला उतरली,
तेव्हा आम्ही तिघंही खाली वाकून
एका लोखंडाची तब्येत बघत होतो.

सगळं बसवलं. तीन निपलांतून ग्रीस आलं,
काळं, मग करडं, मग नवं.
राहिली चाकांची ओळ.
मशीन होटगी रोडला आहे, पण तिला ही गाडी माहीत नाही.
नरसय्यांनी खिशातून ताण्याचा दोरा काढला,
मागच्या चाकापासून पुढं ताणला, टिचकी मारली.
त्यांना तो दोरा काय म्हणाला मला ठाऊक नाही.
आमच्याकडं सूत म्हणजे धागा,
आणि पट्टीवर इंचाचा आठवा भाग.
"अर्धा सूत आत," ते म्हणाले.
दस्तगीरनं नट फिरवला.
"इंका कोंचेम."
फिरवला.
"बास."

संध्याकाळी वकिलांनी
विजापूर रोडला हात सोडून चालवली म्हणे,
वीस आकडे मोजेपर्यंत सरळ गेली.
फोनवर हसत होते. मला हसणं तेवढं कळलं.

नरसय्या आले नव्हते.
"गाडीत बसा की," म्हटलं, तर म्हणाले, बुटकी आहे, गुडघे दुखतात.
स्टुलावर बसून दोरा बोटावर गुंडाळत राहिले,
मध्ये ग्रीसचा डाग लागलेला वीतभर तुकडा आला,
तो तोडला नाही,
गाठही मारली नाही,
तसाच आत गुंडाळला.
मग विचारलं, "दुसरीकडं ओढत नाही ना आता?"